प्लेटलेटचा आकडा सोडा, माणूस बघा

रात्री साडेनऊ वाजता माझा धाकटा भाऊ जळगावात एका रक्तपेढीच्या दारात नंबर लावून उभा होता. त्याच वेळी साठेक किलोमीटर अलीकडे, आमच्या तालुक्याच्या गावी, त्याची तेरा वर्षांची मुलगी दवाखान्याच्या खाटेवर गार पडत चालली होती. बाप प्लेटलेट आणायला गेला होता. पोरीला गरज होती ती मीठपाण्याच्या सलाईनची, वजनाच्या मापाने आणि तासाच्या हिशोबाने दिलेल्या. ते सलाईन त्या दवाखान्याच्या कपाटात पडून होतं.

मी पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. गणित चुकीचं उतरवून घेतलं की पुढची सगळी आकडेमोड बरोबर असूनही उत्तर चुकतं, हे मी पोरांना दर वर्षी सांगत आलो. डेंग्यूच्या बाबतीत आमचा अख्खा खान्देश हीच चूक करतो आहे. पारोळा असो, अमळनेर असो, शिरपूर असो, दर पावसाळ्यानंतर घराघरात एकच प्रश्न ऐकू येतो: "प्लेटलेट किती झाल्या?" डॉक्टर तोच आकडा सांगतात, नातेवाईक तोच फोनवर कळवतात, व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर तोच फिरतो. त्या आकड्यामागे अख्खं घराणं धावत सुटतं आणि ज्या आकड्यावर माणूस जगतो किंवा मरतो, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

पुतणीला सोमवारी ताप भरला. अंग मोडून आलं, डोळ्यांच्या खोबणी दुखू लागल्या. बुधवारी रक्त तपासलं: प्लेटलेट १ लाख १० हजार, डेंग्यूची एनएस-१ चाचणी पॉझिटिव्ह. दाखल केलं. शुक्रवारी सकाळी ताप उतरला. माझ्या आईने देवापुढे दिवा लावला आणि म्हणाली, "ताप उतरना, आते पोर बरी व्हई जाई." दवाखान्यातूनही तेच सांगितलं गेलं: ताप गेलाय, घाबरण्याचं कारण नाही, फक्त प्लेटलेट ६२ हजारांवर आल्यात, चार पिशव्यांची सोय करून ठेवा. भाऊ दुपारीच निघाला.

दुपारपासून पोरीच्या पोटात दुखत होतं. चार वेळा उलटी झाली. संध्याकाळी तिची मोठी आई, म्हणजे माझी पत्नी, तिचे पाय चेपायला बसली आणि एकदम उठून उभी राहिली. पाय बर्फासारखे. सकाळपासून पोर लघवीलाही गेलेली नव्हती. परिचारिकेला सांगितलं, तिने पंखा कमी केला. डॉक्टरांना फोन लावला, ते म्हणाले, प्लेटलेट येऊ द्या, मग बघू. माझी पत्नी सातवी शिकलेली बाई. ती म्हणाली, "मला प्लेटलेट कळत नाही. मला पोरगी गार लागतेय. गाडी काढा." आम्ही रात्री धुळ्याला दुसऱ्या दवाखान्यात पोहोचलो.

तिथे रात्रपाळीला एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी प्लेटलेट विचारल्याच नाहीत. आधी पोरीचा हात हातात घेतला, नखावर दाब देऊन सोडला आणि रंग परत यायला किती वेळ लागतो ते पाहिलं. मुलांसाठीचा लहान पट्टा शोधून आणायला लावला आणि रक्तदाब घेतला: ९६ आणि ७८. मला वाटलं, ठीक आहे की. त्या म्हणाल्या, "सर, वजाबाकी करा." वरच्या आकड्यातून खालचा वजा केला तर १८. ही वजाबाकी २० किंवा त्याखाली आली, तर डेंग्यूच्या मुलाला शॉक बसायला लागलेला असतो. वरचा आकडा चांगला दिसतो, कारण शरीर हातापायांचं रक्त आखडून मेंदू-हृदय कसंबसं जगवत असतं. हा तोल एकदा ढळला, की रक्तदाब पायरीपायरीने उतरत नाही, एकदम कोसळतो. मग त्यांनी आमच्याकडचे दोन्ही रिपोर्ट मागितले आणि प्लेटलेटच्या वरच्या एका ओळीवर बोट ठेवलं. हिमॅटोक्रिट: बुधवारी ३५, शुक्रवारी ४३.

शुक्रवारचा तो कागद सकाळपासून आमच्या पिशवीत होता. दवाखान्याच्या फाइलमध्येही होता. त्याच पानावर, त्याच शाईत मृत्यूची सूचना छापलेली होती. ती कोणी वाचली नाही.

ही ओळ काय सांगते, ते प्रत्येक आईबापाला कळलंच पाहिजे. हिमॅटोक्रिट, काही रिपोर्टांवर पीसीव्ही, म्हणजे शंभर भाग रक्तात तांबड्या पेशी किती भाग, त्याचं माप. डेंग्यूच्या विषाणूमुळे आणि त्याच्याशी झगडणाऱ्या शरीराच्या स्वतःच्या उसळीमुळे केशवाहिन्यांच्या भिंती झिरपू लागतात. रक्तातलं पाणी आणि प्रथिनं बाहेर पडून छातीच्या आणि पोटाच्या पोकळीत साठतात. पेशी आतच राहतात, रक्त दाट होतं, हिमॅटोक्रिट चढतं. आपल्या नेहमीच्या मापापेक्षा ते २० टक्क्यांनी चढलं, म्हणजे गळती जोरात सुरू झाली असं डॉक्टरी शास्त्र मानतं. ३५ वरून ४३ ही जवळपास २३ टक्क्यांची वाढ आहे. सातवीतला मुलगा हे गणित करतो.

आणि ही गळती सुरू होते कधी? बहुतेक वेळा ताप उतरायच्या सुमारास, आजाराच्या तिसऱ्या ते सातव्या दिवसात, आणि चालते २४ ते ४८ तास. ज्या दिवशी घरात सुटकेचा निःश्वास टाकला जातो, नातेवाईक नारळपाणी घेऊन भेटायला येतात, दवाखाना डिस्चार्जचा कागद लिहायला घेतो, तोच डेंग्यूचा सर्वांत घातकी दिवस. दुसरे कितीतरी ताप उतरले की माणूस बरा होतो. डेंग्यूत ताप उतरला की पहारा सुरू करायचा असतो. आमच्याकडे नेमका तेव्हा पहारा उठतो.

आता प्लेटलेटचं बोलू. डेंग्यूत त्या कमी होतातच, आणि आजार ओसरला की बहुतेकांच्या आपोआप चढतात. प्लेटलेट झपाट्याने पडताहेत आणि त्याच वेळी हिमॅटोक्रिट चढतंय, ही धोक्याची जोडी आहे; तेवढ्यासाठी तो आकडा जरूर बघावा. पण रक्तस्राव नसताना नुसता आकडा घसरला म्हणून पिशव्या चढवल्याने काय होतं, ते तपासून झालेलं आहे. सिंगापूर आणि मलेशियातल्या रुग्णालयांत ३७२ प्रौढ रुग्णांवर अभ्यास झाला आणि २०१७ मध्ये तो 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. या रुग्णांच्या प्लेटलेट २० हजार किंवा त्याहून कमी होत्या. निम्म्यांना पिशव्या दिल्या, निम्म्यांना नाही. रक्तस्राव टाळण्यात पिशव्यांचा ठोस फायदा दिसला नाही. दुष्परिणाम मात्र पिशव्या घेतलेल्यांत जास्त निघाले. आपल्या केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनाही रक्तस्राव नसेल तर दहा हजारांच्या खाली आकडा गेल्यावरच प्लेटलेटचा विचार करायला सांगतात. मग ६२ हजारांवर बापाला जळगावला कशासाठी पळवलं? कोणत्या पुस्तकाच्या आधाराने?

आधार पुस्तकाचा नाही. एका बाजूला भीती आहे. पिशवी चढवली नाही आणि काही बरंवाईट झालं, तर नातेवाईक काचा फोडतील, ही डॉक्टरांची भीती मला समजते. ती भीती खोटी नाही आणि डॉक्टरांवर हात उचलणारा माणूस माझ्या लेखी गुन्हेगारच आहे. पण दुसऱ्या बाजूला सरळ पैसा आहे. एकाच दात्याकडून यंत्राने काढलेल्या प्लेटलेटची एक पिशवी दहा हजारांच्या आसपास जाते. कापूस विकून आलेला पैसा, बायकोची पोत, सोसायटीचं कर्ज, सगळं त्या पिशवीत ओतलं जातं. आणि बाप चार तास रस्त्यावर असतो, म्हणजे पोरीजवळ तो नसतो. ज्या माणसाने तिची लघवी मोजायची, तिला घोट घोट जलसंजीवनी पाजायची, तो माणूस रक्तपेढीच्या बाकावर बसलेला असतो.

महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांचं नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. विंचूदंशाने कोकणात मुलं पटापट मरायची. या माणसाने खाटेशेजारी बसून, गार पडलेले हातपाय, नाडी, रक्तदाब तासातासाला टिपून, त्या मृत्यूंचं कोडं सोडवलं आणि १९८२ मध्ये आपली निरीक्षणं 'लॅन्सेट'मध्ये मांडली. पुढे औषध सापडल्यावर शंभरातल्या चाळीसेक मृत्यूंचं प्रमाण एकदोनावर आलं. हे त्यांनी महागड्या यंत्रांच्या जोरावर केलं नाही. आणि याच डॉक्टरांनी २०१३ मध्ये तपासणी केंद्राकडून आलेला कमिशनचा धनादेश परत पाठवून 'कट'चा धंदा चव्हाट्यावर आणला. रुग्णाचा हात हातात घेणारा डॉक्टर आणि कमिशन नाकारणारा डॉक्टर एकच निघाला, यात मला नवल वाटत नाही. माझ्या पुतणीला अशाच कुळातली डॉक्टरीण भेटली. ती भेटली योगायोगाने, आणि माझा राग त्या योगायोगावर आहे. पोरीचं जगणं गाडी कोणत्या रस्त्याला लागली यावर ठरता कामा नये.

बाईंनी केलं ते एवढंच. ३८ किलो वजनाच्या पोरीला किलोमागे १० मिली या मापाने पहिल्या तासात ३८० मिली साधं नॉर्मल सलाईन. तासाभराने पुन्हा नाडी, पुन्हा रक्तदाब, पुन्हा वजाबाकी. हातपाय गरम होऊ लागले तसा वेग कमी, आणखी कमी. दर काही तासांनी हिमॅटोक्रिट. लघवी मोजून वहीत नोंद. पहाटे वजाबाकी ३० च्या पुढे गेली. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट २८ हजारांवर उतरल्या. नाकातोंडातून, शौचातून रक्त नव्हतं, म्हणून बाईंनी एकही पिशवी चढवली नाही. तिसऱ्या दिवशी पोरीला भूक लागली, लघवी भरपूर होऊ लागली, आणि त्यांनी सलाईन काढून टाकलं. भाऊ म्हणाला, "बाई, अजून एखादी बाटली लावा ना, ताकद येईल." त्या म्हणाल्या, "आता बाटली लावली तर पाणी फुप्फुसात जाईल."

हेही नीट ऐका, कारण आमच्या मुलखात बाटलीवर फार श्रद्धा आहे. ४८ तासांनी गळती थांबते आणि बाहेर साठलेलं पाणी शरीर परत रक्तात ओढून घेतं. त्या वेळी वरून सलाईन चालूच ठेवलं, तर माणूस गुदमरतो. म्हणजे सुरुवातीला सलाईन कमी पडलं म्हणूनही रुग्ण मरतो आणि शेवटी जास्त झालं म्हणूनही मरतो. बँकॉकमध्ये १९५८ साली या रोगाची पहिली मोठी साथ आली तेव्हा रुग्णालयात आलेल्या दर शंभर मुलांत तेरा-चौदा दगावली. पुढच्या दशकांत थायलंडने हे प्रमाण एक टक्क्याच्याही बरंच खाली आणलं. विषाणू मारणारं औषध तेव्हाही नव्हतं आणि आजही नाही. तिथल्या डॉक्टर-परिचारिकांनी पाणी मोजायला शिकून घेतलं, खाटेवर तक्ता लावला आणि तो रात्रभर भरला. तो तक्ता लावायला आपल्याला कोणी अडवलं आहे?

गळतीखेरीज डेंग्यूचे आणखी वार आहेत. काहींच्या जठरातून-आतड्यातून रक्त जातं, शौच डांबरासारखं काळं होतं. काहींचं यकृत सुजतं, विकोपाला गेलं तर निकामी होतं. काहींच्या हृदयाच्या स्नायूला सूज येते, काही असंबद्ध बोलू लागतात, झटके येतात. तान्ही बाळं, गरोदर बाया, म्हातारे, मधुमेही यांना धोका जास्त. एकदा डेंग्यू झाला म्हणजे सुटलो, हाही भ्रम आहे. विषाणूचे चार प्रकार आहेत. एकदा एक होऊन गेल्यावर दुसऱ्या प्रकाराचा डेंग्यू झाला तर तो अधिक उग्र होण्याची शक्यता वाढते.

खान्देशासाठी आणखी एक गोष्ट मी अधोरेखित करून सांगतो. आपल्याकडच्या कितीतरी बाया-मुलींच्या अंगात रक्त कमी. एखादीचं हिमॅटोक्रिट मुळातच ३० असतं. गळती होऊन ते ३६ वर गेलं, तर रिपोर्टवर ते जवळपास ठीकच दिसतं. प्रत्यक्षात ती २० टक्के वाढ आहे आणि ती बाई शॉकच्या उंबरठ्यावर आहे. सातपुड्यातल्या पावरा-भिल्ल वस्त्यांत सिकलसेलचा आजार आहे. सिकलसेलच्या रुग्णांचं मूळ माप आणखी खाली, आणि डेंग्यू त्यांच्यात जास्त जीवघेणा. म्हणून एका रिपोर्टवर निदान होत नाही. पहिल्या दोन-तीन दिवसांतला एक रिपोर्ट हातात हवा, त्याच्याशी पुढचे ताडून बघायला हवेत. अक्राणी-शिरपूरच्या पाड्यावरून आलेल्या बाईचा 'नॉर्मल' आणि पुस्तकातला 'नॉर्मल' एक नसतो, हे जो विसरतो तो तिच्या जिवाशी खेळतो.

आता आपल्या स्वतःच्या चुका. ताप आला की कंबरेत सुई मारून घेतल्याशिवाय आमच्या माणसाला औषध घेतल्यासारखं वाटत नाही. त्या सुईत बहुधा डायक्लोफिनॅक असतं. डायक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन ही औषधं डेंग्यूत रक्तस्राव वाढवतात; प्लेटलेट कमी असताना स्नायूत टोचलेल्या सुईच्या जागी रक्त साकळतं ते वेगळंच. काही जण स्टेरॉइड देऊन ताप पाडतात. रुग्ण खूश, घर खूश, आणि आतली गळती सुरूच. तापाला पॅरासिटामोल, तेही डॉक्टरांनी वजनानुसार सांगितलेल्या मापात. बाकी काही नको.

आणि पपई. शहादा-शिरपूरकडे पपईच्या बागाच बागा, त्यामुळे पानं फुकट. चार छोट्या अभ्यासांत पपईच्या पानांनी प्लेटलेट थोड्या लवकर चढल्याचं दिसलं असेल; त्याने शॉक टळतो किंवा जीव वाचतो असा पुरावा नाही. कडू रस पाजून आधीच उलट्या करणाऱ्या पोराला आणखी उलट्या होतात, आणि ज्या पोटात जलसंजीवनी, ताक, पेज, नारळपाणी राहायला हवं ते रिकामं होतं. आकडा चढवण्याच्या नादात पाणी गमावण्याचा हा घरगुती अवतार आहे.

दवाखान्याची आणि घराची चूक सांगितली, आता सरकारची. आमच्या वर्तमानपत्रांत एक शब्द कायमचा मुक्कामाला आलाय: 'डेंग्यूसदृश'. डेंग्यूसदृश तापाने बालिकेचा मृत्यू. डेंग्यूसदृश आजाराने तरुण दगावला. खासगीतली झटपट कार्ड चाचणी सरकारी मोजणीत धरत नाहीत, एलायझा चाचणी लागते. शास्त्र म्हणून ते बरोबर आहे. पण मग एलायझासाठी प्रत्येक संशयित रुग्णाचा नमुना वेळेत पोहोचवण्याची जबाबदारी कोणाची? नमुनाच गेला नाही तर रुग्ण कागदावर जन्मालाच येत नाही, आणि मेला तर 'सदृश' म्हणून मरतो. २०२३ मध्ये देशात अधिकृत नोंद झाली २ लाख ८९ हजार २३५ रुग्णांची आणि ४८५ मृत्यूंची. २००६ ते २०१२ या काळाचा अभ्यास करून डोनाल्ड शेपर्ड आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली अंदाज मांडला, की दवाखान्यात निदान होणारे डेंग्यूचे रुग्ण सरकारी नोंदीच्या २८२ पट असावेत. २८२ पट! माझ्या वर्गात एखाद्याने २८२ च्या जागी १ लिहिलं असतं तर मी त्याला पुढच्या वर्गात जाऊ दिलं नसतं. इथे त्याच आकड्यांवर औषधांची खरेदी होते, माणसं नेमली जातात, आणि साथ आटोक्यात असल्याचं जाहीर होतं.

मग कोणी मेलं की गल्लीत धुराची गाडी येते. फोटो निघतो. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या डासाची मादी घरात राहते: पलंगाखाली, टांगलेल्या कपड्यांमागे, अंधाऱ्या कोपऱ्यात. ती दिवसा चावते. रस्त्यावरचा धूर तिच्यापर्यंत जेमतेम पोहोचतो, आणि पाण्यातल्या अळ्यांना तर त्याने काहीच होत नाही. दोन दिवसांत नवे डास तयार. धूर हा नगरसेवकाच्या कामाचा पुरावा आहे, डास मेल्याचा नाही.

डास कुठे जन्मतो ते सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच ते कोणी बोलत नाही. तो जन्मतो साठवलेल्या स्वच्छ पाण्यात. आणि खान्देशातला माणूस पाणी का साठवतो? हौस म्हणून नाही. वाघूर, गिरणा, अक्कलपाडा ही धरणं आपल्याच दोन जिल्ह्यांत आणि शेजारी आहेत, तापी दारातून वाहते, तरी धुळ्यात, भुसावळात, आमच्या तालुक्याच्या गावांत नळाला पाणी येतं ते कित्येक दिवसांच्या खंडाने. ज्या बाईला आज आलेलं पाणी पुढचा आठवडा पुरवायचं आहे, तिला तुम्ही भांडी रिकामी करून कोरडा दिवस पाळायला सांगता? ती ड्रम भरते, हौद भरते, पिंप, कळशा, रांजण, सगळं भरते. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात. नळाची पाळी आणि डासाची पाळी यांचं वेळापत्रक आपल्या नगरपालिकांनी जुळवून दिलं आहे. वर आशाताई बॅटरी घेऊन घरोघरी अळ्या शोधते आणि त्या बाईलाच दोष दिला जातो.

आणि आमचा उन्हाळा. ४५ अंशांच्या वर पारा गेला की घरोघरी कूलर लागतात. जूनमध्ये पाऊस पडला की कूलर बंद, पण टाकीत चार बोटं पाणी तसंच. जुलैत ती डासांची अंगणवाडी होते. महामार्गाच्या कडेला पंक्चरच्या टपऱ्यांबाहेर टायरांचे ढीग, गच्चीवर उघड्या टाक्या, फ्रिजमागची तबकडी. ही मादी अंडी घालते ती पाण्याच्या रेषेच्या किंचित वर, भांड्याच्या भिंतीला चिकटवून. ड्रम नुसता रिकामा केला तरी ती अंडी कोरडी राहून महिनोन्महिने जगतात आणि पाणी भरलं की फुटतात. म्हणून ओतून चालत नाही, काथ्याने भिंत घासावी लागते. हे साधं वाक्य मी आजवर एकाही सरकारी फलकावर पाहिलेलं नाही.

डेंग्यू शहराचा रोग, असं म्हणून ग्रामीण भागाने अंग काढून घेण्याचीही सोय नाही. परभणी जिल्ह्याच्या खेड्यांतल्या डेंग्यूच्या साथीवरचा शास्त्रीय लेख १९९१ सालीच प्रसिद्ध झाला. तीस वर्षांहून जास्त काळ आपल्याला ठाऊक आहे, की तो खेड्यात येतो. आणि तरीही आमच्या आरोग्य केंद्रांची तयारी काय, तर शहराकडे बोट दाखवणारी चिठ्ठी.

मी मागतो ते फार नाही. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात डेंग्यूच्या रुग्णाचं हिमॅटोक्रिट दिवसातून किमान दोनदा मोजलं जावं, आणि गळतीच्या काळात त्याहून जास्त वेळा. खाटेच्या टोकाला तक्ता असावा: नाडी, रक्तदाब, वजाबाकी, लघवी, सलाईन. लहान मुलांच्या दंडाचा रक्तदाबाचा पट्टा प्रत्येक आरोग्य केंद्रात असावा. मोठ्यांच्या पट्ट्याने पोराचा रक्तदाब चुकीचा येतो. घरी सोडताना मराठीत लिहिलेली चिठ्ठी हातात द्यावी, धोक्याच्या खुणांसकट. 'सदृश' म्हणून गेलेल्या प्रत्येक रुग्णाची चौकशी होऊन, कोणत्या तासाला कोण चुकलं ते कागदावर यावं. आणि नळाला पाणी वेळेवर यावं. डेंग्यूवरचा सर्वांत मोठा उपाय पाणीपुरवठा विभागाच्या हातात आहे, आरोग्य विभागाच्या नाही.

डॉक्टरांना हात जोडून सांगतो: पुढच्या वेळी एखाद्या बापाला जळगावला पिटाळण्याआधी त्याच्या पोरीचा हात हातात घ्या. तो गार असेल तर बाप नको, तुम्ही हवे आहात.

आणि तुम्हाला, माझ्या गावाच्या आयाबायांना आणि बापांना. रिपोर्ट हातात आला की प्लेटलेटच्या आधी हिमॅटोक्रिट किंवा पीसीव्ही अशी ओळ शोधा आणि डॉक्टरांना विचारा, हे कालपेक्षा किती वाढलं. पोटात सतत दुखणं, थांबत नसलेल्या उलट्या, हिरड्या-नाकातून रक्त, काळं शौच, गळून जाणं किंवा उगाच तळमळणं, गार घामेजलेले हातपाय, सहा तास लघवी न होणं, यांतली एकही खूण दिसली तर रात्र असो वा पाऊस, रुग्णाला उचला आणि जिथे नाडी धरणारा माणूस आहे तिथे न्या. डेंग्यूचा ताप उतरला, की त्या मिनिटाला घड्याळ बघून ठेवा. पुढचे अठ्ठेचाळीस तास घरातलं एक माणूस जागं राहिलंच पाहिजे.